खाजणाच्या कडेला पत्रे लागलेत, आता जायचं कुठे?

गेल्या महिन्यात जी पत्रं आणि ईमेल आले त्यातल्या निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विषय आहे, घरामागचं खाजण (भरतीचं पाणी शिरतं ती खाडीकाठची दलदल) किंवा तलाव किंवा खाडीचा कोपरा बुजवला जातोय, बाजूला बिल्डिंग उठतेय आणि कुणाला विचारायचं तेच कळत नाहीये. म्हणून ह्या वेळी अख्खा कॉलम ह्याच प्रश्नांना देतेय, सोसायटीच्या पार्किंगवाल्यांनी कृपया पुढच्या अंकापर्यंत थांबा. मी वकील नाहीये हे आधीच सांगते. पण १२ वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होते, प्लॅन पास करून आणायच्या फायली घेऊन ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरले, त्यामुळे फाईल कुठे अडते आणि कुठे न बघता पुढे सरकते एवढं मला नीट माहितीये. तेच सांगते.

प्रश्न : आमच्या सोसायटीमागे नाला आहे आणि नाल्यापलीकडे खाजण. तीन महिन्यांपासून रात्री डंपर येतात, राडारोडा टाकतात, आता निळे पत्रेपण लावलेत. एका ऑफिसात गेलो तर म्हणाले जमीन आमची नाही, दुसऱ्या ऑफिसात म्हणाले झाडं आहेत म्हणजे फॉरेस्टला जा, तिसरीकडे म्हणाले ही पाणथळ जागा यादीतच नाही. महापालिकेचं ह्यात काहीच काम नाही का? — पूर्व उपनगरातले एक वाचक

दादा, तुमचं पत्र वाचून आधी रागच आला, आणि मग लक्षात आलं की तिघंही आपापल्या जागी अर्धं खरं बोललेत, आणि म्हणूनच माणूस तीन महिने फिरत राहतो. जमीन कुणाच्या नावावर आहे हा एक प्रश्न, तिथे काय बांधायचं हे ठरवणार कोण हा दुसरा, आणि तिथलं पाणी नि झाडं सांभाळायची कुणी हा तिसरा, आणि मुंबईत ह्या तिन्हींची उत्तरं बहुतेक वेळा वेगवेगळी असतात. जमीन बऱ्याचदा कलेक्टरची, किंवा मिठागरांची, किंवा खाजगी. बांधकामाची परवानगी महापालिकेची, कारण प्लॅनिंग ॲथॉरिटी ती आहे (काही पट्टे एमएमआरडीए म्हणजे महानगर विकास प्राधिकरण किंवा एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे आहेत, ते सोडून). आणि खारफुटी वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे, जो २०१२ मध्ये खास ह्याच कामासाठी सुरू झाला.

आता तो "यादीत नाही" वाला मुद्दा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच हरतात. तुम्ही अर्जात "पाणथळ जागा" लिहिलंत असणार. २०१७ चे जे पाणथळ जागांचे नियम आहेत ना, त्यांच्यातून भरतीओहोटीचा सीआरझेडमधला भाग (सीआरझेड म्हणजे किनाऱ्या-खाडीलगतचा, बांधकामावर खास बंधनं असलेला पट्टा), जंगल म्हणून नोंदलेली जमीन आणि मिठागरं वगळलेली आहेत, सीआरझेड नि जंगल अशासाठी की त्यांना आधीच दुसरे कायदे आहेत. म्हणजे तुमचं खाजण त्या यादीत नसणारच! पण ह्याचा अर्थ त्याला संरक्षण नाही असा अजिबात होत नाही, उलट जास्त कडक संरक्षण आहे. खारफुटी आहे तो भाग सीआरझेड १ ए मध्ये, म्हणजे सगळ्यात जपायच्या गटात, येतो. ६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई हायकोर्टाने खारफुटी तोडायला, तिच्यात भराव टाकायला आणि तिच्या भोवती ५० मीटरमध्ये बांधकाम करायला बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकालात ती कायम केली. जमीन सरकारी असो की खाजगी, मालक कोण हे त्यात बघायचंच नाही. अगदी लोकांच्या गरजेचं सरकारी काम असलं, पूल वगैरे, तरी आधी हायकोर्टाची परवानगी घ्यावी लागते. तेव्हा पुढच्या अर्जात "पाणथळ" हा शब्द एकटा लिहू नका. "खारफुटी, सीआरझेड १ ए, ५० मीटरच्या आतला भराव, हायकोर्टाच्या आदेशाचा भंग" असं लिहा. शब्द बदलला की टेबल बदलतं, हे मी डोळ्याने पाहिलंय.

आणि महापालिकेचं काम नाही असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. राडारोडा कुठल्या साईटवरून निघाला, कुठे नेऊन टाकला, ह्यावर लक्ष ठेवणं हे महापालिकेचंच काम आहे, जमीन कुणाचीही असो. शहरात कुठलीही जुनी बिल्डिंग पाडताना बिल्डरला राडारोडा कुठे टाकणार हे आधी महापालिकेला लिहून द्यावं लागतं. म्हणजे तुमच्या मागे पडलेला प्रत्येक डंपर कुठल्यातरी मंजूर फाईलमधून निघालेला असू शकतो. डंपरचा नंबर मिळाला की धागा तिथपर्यंत नेता येतो. शिवाय परवानगीशिवाय चाललेलं बांधकाम थांबवायची नोटीस महापालिका स्वतःच्या कायद्याच्या कलम ३५४ अ खाली देऊ शकते आणि एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्यातही तसे अधिकार आहेत, पत्र्याच्या आत पाया खणायला सुरुवात झाली असेल तर हे लगेच लागू होतं.

भरणी कशी होते तेही सांगते, कारण डंपर येतो तोपर्यंत अर्धं काम झालेलं असतं. आधी कोणीतरी भरतीचं पाणी आत येतं ते तोंड बंद करतं, चार-पाच डंपर मातीचा छोटासा बांध, लांबून बघितलं तर काहीच वाटत नाही. तिवराची, म्हणजे खारफुटीतल्या झाडाची, मुळं तुम्ही पाहिली असतील, चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, झाड त्यांच्यातून श्वास घेतं. तोंड बंद झालं की आतलं पाणी एकतर साचून राहतं नाहीतर आटतं, त्या पेन्सिली बुडतात किंवा गाळाखाली जातात, आणि पुढच्या काही महिन्यांत अख्खा पट्टा पिवळा पडून वाळतो. मग फोटो दाखवून म्हणायचं की इथे झाडं होतीच कुठे, ही तर पडीक जमीन. म्हणून तुम्ही डंपरचा फोटो काढाच पण त्याआधी पाण्याचं तोंड शोधा. मोठ्या भरतीच्या दिवशी, अमावास्या-पौर्णिमेला, गच्चीवरून बघा पाणी कुठपर्यंत यायचं आणि आता कुठे थांबतंय.

अर्जात काय हवं? सीटीएस नंबर (जमिनीचा सिटी सर्व्हे नंबर), तो नसेल तर फोनवरचं लोकेशन, तारीख-वेळ दिसणारे फोटो, डंपरचे नंबर, आणि जुन्या वर्षांचे सॅटेलाइट फोटो, जे गुगल अर्थवर फुकट बघता येतात, पाच-दहा वर्षं मागे जाऊन त्याच जागेचे. एकच अर्ज वॉर्ड ऑफिस, उपनगर जिल्हाधिकारी, कांदळवन कक्ष आणि पोलीस स्टेशन अशा चौघांना, आणि प्रत्येक प्रतीवर बाकी तिघांची नावं लिहायची म्हणजे कुणालाच "दुसरीकडे जा" म्हणता येत नाही. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आणि तरीही हललं नाही तर कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली हायकोर्टाच्या आदेशाने नेमलेल्या समित्या आहेत, एक खारफुटीसाठी आणि एक पाणथळ जागांच्या तक्रारींसाठी, तिथे ह्या चार पोचपावत्या जोडून पाठवा. ह्या समित्यांसमोर सगळ्या खात्यांचे अधिकारी एकत्र बसतात, मग "ते त्यांचं" हे उत्तर समोरासमोर द्यावं लागतं.

प्रश्न : आम्ही खाडीजवळच्या एका टॉवरमध्ये फ्लॅट बुक करायचं ठरवलंय. सेल्सवाले म्हणतात सगळ्या परमिशन आल्यात, आयओडी आहे, बाल्कनीतून कायम हिरवं दिसेल कारण समोर खारफुटी आहे. माझ्या मिस्टरांना विश्वास आहे, मला धाकधूक वाटते. काय काय तपासू? — एक वाचक, पश्चिम उपनगर

ताई, धाकधूक बरोबर आहे. आयओडीपासून सुरुवात करू. तिचं पूर्ण नाव मराठीत सांगायचं तर "नामंजुरीची सूचना" असं आहे, म्हणजे ह्या-ह्या अटी पूर्ण केल्याशिवाय तुम्हाला मंजुरी नाही असं महापालिका कळवते. मागे अटींची लांबलचक यादी असते. खरं काम सुरू करायची परवानगी म्हणजे सीसी, तीही आधी जोत्यापर्यंत आणि मग पुढे टप्प्याटप्प्याने मिळते. तेव्हा सेल्सवाल्याला आयओडीचं पहिलं पान नको, अटींची पानं मागा. त्यात सीआरझेडची अट आहे का, पर्जन्य जलवाहिन्या खात्याची एनओसी आहे का, आणि सीसी कुठल्या मजल्यापर्यंत आहे, एवढं बघा.

मग त्या प्लॉटचा डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय त्याचा दाखला. महापालिकेच्या साईटवर सीटीएस नंबर टाकून काढता येतो. २०३४ च्या विकास आराखड्यात खारफुटी, दलदल वगैरे भाग "नॅचरल एरिया" म्हणून दाखवलेत, प्लॉट त्याला लागून असेल तर रिमार्कमध्ये कळतं. सीआरझेडमध्ये येत असेल तर महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागते आणि त्यांच्या मीटिंगचे मिनिट्स ऑनलाईन असतात, प्रोजेक्टच्या नावाने नाही सापडलं तर गावाच्या नावाने आणि सीटीएस नंबरने शोधा, कारण जाहिरातीतलं नाव आणि फाईलमधलं नाव वेगळं असतं. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंद ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, साईटवरही कागद टाकलेले असतात, तिथूनच सुरुवात केली तर सीटीएस नंबर लगेच मिळेल.

एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरीपण हवी, २००६ च्या ईआयए (पर्यावरण आघात मूल्यांकन) नोटिफिकेशनखाली, आणि ह्या २०,००० मध्ये तळघर, पोडियम, पार्किंग सगळं धरायचं असतं, फक्त एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) मध्ये मोजलेलं नाही. लोक इथेच फसतात, सांगितलं जातं एरिया कमी आहे पण त्यातून पार्किंगचे सहा मजले गाळलेले असतात. ही मंजुरी महापालिका देत नाही, राज्य पातळीवरची तज्ज्ञांची समिती तपासते आणि राज्याचं पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण देतं. सगळे अर्ज केंद्राच्या परिवेश पोर्टलवर दिसतात. मला ह्यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट ही की बिल्डिंगच्या प्रोजेक्टना जनसुनावणीतून सूट आहे, कारखान्यासाठी गावाला बोलावतात पण ४० मजली टॉवरसाठी शेजारच्या चाळीला कुणी विचारत नाही. त्यामुळे समितीची मीटिंग होण्याआधीच तुमचा आक्षेप ईमेलने त्यांच्याकडे पोचायला हवा. मंजुरी मिळाल्यावर बिल्डरला स्थानिक पेपरात जाहिरात द्यावी लागते, आणि तुम्हाला ती चुकीची वाटली तर राष्ट्रीय हरित लवादाकडे (पर्यावरणाचे खटले ऐकणारं न्यायाधिकरण) अपील करायला ३० दिवस असतात, पटण्यासारखं कारण असेल तर लवाद आणखी ६० दिवस देऊ शकतो, त्यापुढे नाही. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे.

एवढं सगळं तपासूनही एक गोष्ट राहते आणि ती मी कधी विसरले नाही. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका प्लॉटची फाईल माझ्याकडे होती, कुठला ते सांगत नाही. सर्व्हेयरच्या नकाशावर प्लॉटच्या उत्तरेला नुसतं "खोलगट जागा" लिहिलेलं. मी सही आणायला साईटवर गेले होते, ओहोटीची वेळ होती, आणि त्या खोलगट जागेत चिखलावर निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या, दोन बगळे उभे होते, आणि एक म्हातारी कोळीण कोयता घेऊन दगडावरची कालवं काढत बसली होती. मी तिला विचारलं आजी इथे पाणी किती येतं, तर तिने हात कमरेला लावून दाखवला. ऑफिसात येऊन मी हे सांगितलं. मला सांगितलं गेलं, प्लॉटच्या हद्दीबाहेरचं आपण दाखवायची गरज नाही. फाईल पुढे गेली, आणि ती मीच नेली. पुढे ज्यांनी-ज्यांनी तपासली त्यांनी प्रामाणिकपणे तपासली असेलही, पण ते नकाशा तपासत होते आणि नकाशावर पाणीच नव्हतं. आजही मला ती कमरेपर्यंत हात लावलेली आजी आठवते.

म्हणून ताई, कागद बघून झाले की मिस्टरांना घेऊन भरतीच्या वेळी त्या प्लॉटच्या मागच्या बाजूला जाऊन उभ्या राहा, सेल्स ऑफिसच्या बाजूला नाही, मागच्या. पाणी कुठे येतं बघा आणि आजूबाजूच्या जुन्या लोकांना २६ जुलै २००५ ला इथे किती होतं ते विचारा. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीचं पाणी कुर्ला-कलिन्यात शिरलं. आम्ही तेव्हा कुर्ल्याला तळमजल्यावर राहायचो. पाणी आपली जुनी जागा शोधतं, आणि ती जागा कुणी बुजवली असेल तर मग ते घरात येतं.

प्रश्न : आमचं घर कोळीवाड्यात, पणजोबांपासूनचं. वर एक खोली काढायची तर सीआरझेड सांगतात आणि नोटीस येते. आणि रस्त्यापलीकडे ३० मजले चढले त्याला सीआरझेड नाही? खाडी सांभाळली आम्ही आणि नियम आम्हालाच? — कोळीवाड्यातला एक वाचक

भाऊ, तुमचा राग खरा आहे आणि मी त्याच्यावर फुंकर घालायला बसलेली नाही, फक्त हे कसं होतं ते सांगते. मुंबईच्या किनाऱ्याचा आधीच इमारतींनी भरलेला भाग सीआरझेड २ मध्ये येतो, आणि तिथला नियम असा की आधीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला बांधता येतं, समुद्राकडच्या बाजूला नाही. टॉवर रस्त्याच्या त्या बाजूला, तुमचं घर ह्या बाजूला. १९९१ पासून ह्या पट्ट्यातला एफएसआय गोठवलेला होता, २०१९ च्या सीआरझेड नोटिफिकेशनने तो मोकळा झाला, आणि मुंबईच्या किनाऱ्याचा नवा आराखडा २०२१ मध्ये मंजूर झाल्यावर इथे लागू झाला. तेव्हापासून रस्त्यापलीकडे क्रेन जास्त दिसायला लागल्या.

कोळीवाड्यांचं काय? २०११ च्या नोटिफिकेशनमध्ये मुंबईसाठी वेगळी तरतूद होती, की १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा सरकारच्या इतर नोंदींत असलेले कोळीवाडे मोजून नकाशावर वेगळे दाखवायचे, म्हणजे तिथल्या लोकांना घरं बांधता-दुरुस्त करता यावीत. अडतं ते सीमांकनावर. घरांची हद्द मोजली जाते पण जाळी वाळवायची जागा, होड्या ओढायची जागा, मासळी सुकवायची ओटी, हे सुटतं, आणि जे मोजणीत सुटलं ते उद्या "मोकळा प्लॉट" म्हणून दिसायला लागतं. तुमच्या सोसायटीने, म्हणजे मच्छीमार सहकारी सोसायटीने, आपल्या कोळीवाड्याचा सीमांकनाचा नकाशा जिल्हाधिकारी कार्यालयातून माहितीच्या अधिकारात मागवा आणि सगळ्यांनी मिळून बघा काय-काय गाळलंय. घराच्या नोटिशीला उत्तर देताना तुमचं घर १९९१ च्या, म्हणजे सीआरझेडचा पहिला नियम आला त्याच्या, आधीचं असल्याचे पुरावे, जुनी घरपट्टी, मतदार यादी, जे असेल ते जोडा. आणि दुरुस्ती आणि नवा मजला ह्या दोन गोष्टी अर्जात मिसळू नका, दुरुस्तीची परवानगी तुलनेने सोपी असते, दोन्ही एकत्र मागितलं की दोन्ही अडतं.

प्रश्न : आमच्याकडच्या तलावाला महापालिका जॉगिंग ट्रॅक करतेय, लायटिंग, बेंच वगैरे. आमच्या ग्रुपमध्ये काही जण विरोध करतायत. मला तर छान वाटतंय, तलाव स्वच्छ राहील. विरोध कशाला? — एक वाचक

पवईची गोष्ट सांगते म्हणजे कळेल. पवई तलावाच्या कडेने महापालिकेने सायकल आणि जॉगिंग ट्रॅक करायला घेतला होता. म्हणणं असं होतं की जाळीत दगड भरून करतोय, सिमेंट नाही, पाणी झिरपेल, काही होणार नाही. लोक कोर्टात गेले, आणि मे २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने ते काम बेकायदा ठरवलं, झालेलं बांधकाम काढायला आणि जागा होती तशी करून द्यायला सांगितलं. पवई हा माणसाने बांधलेला तलाव आहे, एकोणिसाव्या शतकातला, तरीपण. कारण इस्रोने केलेल्या देशभरच्या पाणथळ जागांच्या ॲटलासमध्ये तो आहे, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलेलं की त्या ॲटलासमधल्या २,०१,५०३ जागांना पाणथळ जागांच्या आधीच्या नियमांतली भराव-बांधकामाची बंदी लागू राहील, राज्याने अजून अधिसूचना काढली नसली तरी. ॲटलासमध्ये २.२५ हेक्टरपेक्षा, म्हणजे साधारण साडेपाच एकरांपेक्षा मोठ्या जागा आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा राज्यांना सांगितलं की जागेवर जाऊन हद्दी मोजा, आणि त्याला तीन महिने दिले.

तलावाची कड म्हणजे कचरा नाही. गवत, लव्हाळे, उथळ चिखल, ह्यात मासे अंडी घालतात, पाणकोंबड्या घरटी करतात, पवईत तर मगरी ऊन खायला येतात. तिथे भिंत घातली की पाणी तेवढंच दिसतं पण तलाव अर्धा मेलेला असतो. स्वच्छता हवी असेल तर तलावात येणारं सांडपाणी बंद करा म्हणून मागणी करा, घाण तिथून येते, कडेच्या गवतातून नाही. तुमच्या ग्रुपमधल्या विरोध करणाऱ्यांबरोबर एकदा सकाळी सात वाजता तलावावर जा, मग ठरवा. ट्रॅक हवाच असेल तर रस्त्याच्या बाजूला मागे सरकवा, तेही चालतं.

प्रश्न : माहिती अधिकारात ३० दिवस लागतात. तोपर्यंत भरणी होऊन जाते. — एक वाचक, ठाणे खाडीलगत

उत्तराची वाट बघत बसू नका, अर्जात "फाईलची पाहणी करायची आहे" असं लिहा, कागद मागण्यापेक्षा पाहणी लवकर मिळते असा माझा अनुभव आहे, आणि फाईल उघडली की तुम्हाला कल्पनाही नसलेले कागद दिसतात. पण तक्रार आणि माहिती अधिकार हे वेगवेगळे ठेवा, तक्रार आज, अर्जही आज. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाईन आहे, महापालिकेची १९१६, दोन्हीकडे तक्रार नंबर मागून घ्या. तुमच्याकडे तर अजून एक बळ आहे, ठाणे खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळालाय, अभयारण्याच्या जवळ भरणी असेल तर अर्जात ते पहिल्या ओळीत टाका.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या बाई म्हणाल्या खारफुटीपासून ५० मीटरवर बिल्डिंग बांधता येत नाही. ५० मीटर म्हणजे किती आणि कुठून मोजायचे? — एक विद्यार्थिनी, भांडुप

बाळा, मला आलेल्या सगळ्या पत्रांत तुझाच प्रश्न सगळ्यात नेमका आहे, मोठी माणसंही ह्याच्यावरूनच कोर्टात भांडतात. क्रिकेटची खेळपट्टी स्टंपपासून स्टंपपर्यंत साधारण २० मीटर असते, अशा अडीच खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या की ५० मीटर झाले. मोजायचं खारफुटीच्या शेवटच्या झाडापासून. कंपाउंडच्या भिंतीपासून नाही, आणि बिल्डरने लावलेल्या पत्र्यापासून तर नाहीच, कारण पत्रे कधीकधी झाडांच्या आत लावलेले असतात. कडेची छोटी रोपंसुद्धा झाडंच, ती सोडून मोजायचं नाही.

तू बाईंना विचारून वर्गाबरोबर एकदा मोजून बघ. २० मीटरची सुतळी घ्या, दर मीटरला गाठ मारा, आणि शेवटचं झाड कुठलं ते वहीत काढून त्याच्या शेजारी तारीख लिहा. पुढच्या वर्षी नववीत गेलीस की त्याच झाडापासून परत मोज. फक्त चिखलात उतरू नका, रस्त्यावरूनच मोजा, आणि भरतीची वेळ आधी बघून घ्या.